निवडणुकीच्या काळात चर्चचा कारभार कसा सांभाळावा : मराठवाड्यातील मंडळ्यांसाठी

जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमची मंडळी, म्हणजे एका चर्चच्या सभासदांचा समुदाय, आहे. साठ-सत्तर घरे, दगडी भिंतींचे जुने चर्च, समोर दोन कडुलिंब आणि सगळे गाव ज्याला मिशन कंपाउंड म्हणते ते मोकळे आवार. पास्टोरेट कमिटीचा, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीचा, सचिव म्हणून बरीच वर्षे मी तिथली कागदपत्रे सांभाळली आहेत. काही वर्षांपूर्वी, ऐन निवडणुकीच्या धामधुमीत, आमचा हंगामाचा सण आला. उपासना झाल्यावर वेदीपुढे आणलेल्या अर्पणांचा लिलाव नेहमीप्रमाणे सुरू झाला : ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा, मोसंबीची टोपली, दोन गावरान कोंबड्या आणि एक लाल भोपळा. भोपळ्याची बोली आमच्याकडे दीडशे रुपयांच्या वर जात नाही. त्या दिवशी मागच्या रांगेतून एका उमेदवाराच्या कार्यकर्त्याने आवाज दिला, "अकरा हजार एक." टाळ्या पडल्या. पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, अगदी सरळ मनाने माईकवरून त्या उमेदवाराचे नाव घेतले आणि "देव त्यांना या कामात यश देवो" असे म्हटले. कोणीतरी ते मोबाइलवर टिपले, संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ तालुकाभर फिरला, आणि तिसऱ्या दिवशी २४ तासांत खुलासा मागणारी नोटीस आमच्या हातात पडली.

आमच्या मनात राजकारण नव्हते. परंतु कायदा मनातला हेतू विचारण्याआधी जागा कोणाची होती, पैसा कोणाचा होता, कार्यक्रम कोणाचा होता आणि माईक कोणाच्या हातात होता हे विचारतो. या चारही प्रश्नांची उत्तरे त्या एका मिनिटात आमच्याविरुद्ध गेली. ती वेळ इतर मंडळ्यांवर येऊ नये म्हणून पुढचे सविस्तर लिहीत आहे. उदाहरणे चर्चची आहेत, कारण मला तोच कारभार ठाऊक आहे. मूळ कायदा मात्र मंदिर, मठ, मशीद, दर्गा, गुरुद्वारा, विहार या सर्वांना सारखाच लागू आहे.

मुख्य कायदा कोणता

बहुतेक कमिट्यांना आचारसंहिता ठाऊक असते. निवडणूक आयोगाच्या आदर्श आचारसंहितेत जातीय किंवा धार्मिक भावनांना आवाहन करून मते मागू नयेत, आणि मशिदी, चर्च, मंदिरे व इतर प्रार्थनास्थळे यांचा प्रचाराचे व्यासपीठ म्हणून वापर करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे आचारसंहिता उठली की आपण मोकळे झालो असा समज पसरतो, आणि तोच सर्वांत घातक समज आहे. आपल्याला बांधणारा खरा कायदा वर्षाचे बाराही महिने लागू असतो. त्याचे नाव धार्मिक संस्था (दुरुपयोगास प्रतिबंध) अधिनियम, १९८८. त्या वर्षी मे महिन्यात अमृतसरच्या सुवर्णमंदिरात लपलेल्या अतिरेक्यांविरुद्ध ऑपरेशन ब्लॅक थंडर ही कारवाई झाली, त्या पार्श्वभूमीवर आधी अध्यादेश आणि मग हा अधिनियम आला. त्यामुळे त्यात शस्त्रे साठवणे, आरोपींना आसरा देणे अशा गोष्टींबरोबरच राजकीय वापराचीही बंदी आहे. लोक शस्त्रांचा भाग लक्षात ठेवतात आणि राजकारणाचा भाग विसरतात.

या अधिनियमाचे कलम ३ संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातील जागा राजकीय कामासाठी वापरण्यास वा वापरू देण्यास मनाई करते. कलम ५ संस्थेचा निधी आणि इतर मालमत्ता राजकीय पक्षाच्या फायद्यासाठी किंवा राजकीय कामासाठी वापरण्यास मनाई करते. कलम ६ संस्थेच्या वतीने होणारा समारंभ, सण, मेळावा, मिरवणूक किंवा सभा राजकीय कामासाठी वापरू देण्यास मनाई करते. या कलमांचा भंग झाल्यास कलम ७ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिक्षा झालेला व्यवस्थापक पदावरून जातो आणि सहा वर्षे कोणत्याही धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनात येऊ शकत नाही. शिवाय कलम ७ खालील दोषसिद्धी ही लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ मध्ये निवडणूक लढवण्यास अपात्र ठरवणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत आहे. म्हणजे जो कार्यकर्ता चर्चच्या कमिटीत बसून उद्या नगरसेवक होण्याची उमेद बाळगतो, त्याची ती उमेदही इथेच अडकू शकते.

दोन व्याख्या प्रत्येक सचिवाने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. 'व्यवस्थापक' या शब्दात संस्थेचा कारभार, तिची कामे किंवा मालमत्ता एकट्याने अथवा इतरांबरोबर सांभाळणारी प्रत्येक व्यक्ती येते, आणि त्यात धर्माधिकारीही येतो. पाळक, फादर, वडील (मंडळीतील जबाबदार ज्येष्ठ सभासद), खजिनदार, सचिव असे सगळेच त्यात बसतात. 'राजकीय कार्य' या व्याख्येत एखाद्या पक्षाच्या उद्दिष्टांचा किंवा राजकीय स्वरूपाच्या कोणत्याही प्रश्नाचा प्रसार येतो. मग तो सभा, निदर्शने, मिरवणूक, निधी गोळा करणे वा वाटणे, आदेश किंवा फतवे काढणे यांपैकी कशानेही होवो, अथवा अन्य कोणत्याही मार्गाने होवो. संसद, विधिमंडळ किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या उमेदवाराने किंवा त्याच्या वतीने केलेले असे कामही त्यातच मोडते.

'स्थानिक प्राधिकरण' या शब्दाकडे मी खास लक्ष वेधतो. आपल्याकडे ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, त्यामुळे "हे काही राजकारण नाही, गावकी आहे" असे म्हणून पॅनेलची बैठक सर्रास चर्चच्या ओट्यावर भरते. व्याख्येनुसार ती बैठक राजकीय कार्यच आहे. साखर कारखाना किंवा विकास सोसायटीची निवडणूक या शब्दांत थेट बसत नसली, तरी तिथली पॅनेले कोणत्या नेत्यांची असतात हे सगळ्या मराठवाड्याला माहीत असते. आमच्या कमिटीने त्या निवडणुकांनाही हाच नियम लावला आहे आणि त्याचा कधी पश्चात्ताप झालेला नाही.

आणखी एक खुलासा करावासा वाटतो, कारण अलीकडे अनेक तरुण पाळक इंटरनेटवर अमेरिकन उपदेशकांची प्रवचने ऐकतात. तिथे चर्चने उमेदवाराला पाठिंबा देण्यावरची मर्यादा करसवलतीशी बांधलेली आहे. १९५४ पासून ती जॉन्सन दुरुस्ती या नावाने ओळखली जाते, आणि करसवलत सोडली तर बोलायला मोकळे, असा युक्तिवाद तिथे चालतो. तो इथे उपयोगी नाही. आपल्याकडे ही मर्यादा फौजदारी कायद्याची आहे. नोंदणी असलेली आणि नसलेली, कर भरणारी आणि न भरणारी अशी प्रत्येक मंडळी तिच्याखाली येते.

जागा

आधी आपल्या ताब्यात नेमकी कोणती जागा आहे हे कागदावर पाहावे. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढून घ्यावे, आणि संस्थेच्या नावावर असलेल्या किंवा संस्था प्रत्यक्ष वापरत असलेल्या सर्व जागांची यादी करावी : प्रार्थनेची इमारत, आवार, समाजमंदिर, पाळकांचे निवासस्थान, कब्रस्तान, रस्त्याकडेचे गाळे. मराठवाड्यातील मिशनची आवारे मोठी आहेत. छावणी भागातील जुनी चर्चे असोत किंवा एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेलसारखी वस्ती असो, चर्चभोवती मैदान असणे ही इथली जुनी रीत आहे. गावात दुसरे मैदान नसले की सभेसाठी पहिली नजर याच मैदानावर जाते.

"आम्ही रीतसर भाडे भरतो, पावती द्या" असे पक्षाचे लोक म्हणतात, आणि खजिनदाराला ते पटते. कायद्यात भाड्याची सवलत नाही. जागा संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातील आहे आणि तिथे राजकीय कार्याचा प्रसार झाला, एवढ्यावर कलम ३ लागते. फुकट दिली की भाड्याने, हा प्रश्न त्यात नाही. म्हणून हॉलच्या बुकिंगच्या छापील अर्जावर "राजकीय पक्ष, पॅनेल किंवा उमेदवार यांच्या बैठकीसाठी हॉल दिला जाणार नाही, खोटे कारण सांगून घेतल्यास कार्यक्रम थांबवला जाईल" अशी ओळ छापून घ्यावी. वाढदिवसाच्या नावाखाली घेतलेल्या हॉलमध्ये प्रत्यक्षात बूथ कार्यकर्त्यांची बैठक चालू असल्याचे दिसले, तर ती अट दाखवून बैठक थांबवता येते.

प्रचाराचे तात्पुरते कार्यालय धार्मिक स्थळी किंवा त्याच्या आवारात उघडता येत नाही, हा निवडणूक आयोगाचा स्वतंत्र नियम आहे. रस्त्याकडेचा गाळा भाडेकरूकडे असला तरी तो आवाराचाच भाग असेल, तर भाडेकरूला हे लेखी कळवावे. मतदान केंद्र धार्मिक महत्त्वाच्या जागी ठेवू नये अशाही आयोगाच्या सूचना आहेत. कोणी सोय म्हणून चर्चचा हॉल मागितल्यास ही गोष्ट आदबीने निदर्शनास आणावी.

पाळकांच्या निवासस्थानाबद्दल नेहमी विचारणा होते. उमेदवार भेटायला आला, चहा घेतला, चार गोष्टी बोलला, तर त्यात काही वावगे नाही. मात्र त्याच ओसरीत वीस कार्यकर्ते बसवून मतदार यादीची वाटणी सुरू झाली, तर ते निवासस्थान राजकीय कामासाठी वापरले गेले असे म्हणायला जागा होते.

पैसा, आणि पैशासारख्या वस्तू

इथे चुका सर्वांत जास्त होतात, कारण बहुतेक वेळा पैसा दिसतच नाही. आमच्या चर्चच्या दीडशे प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन मोठी पातेली, सतरंज्या आणि साउंड सिस्टीम गावातील कोणाच्याही लग्नाला जातात, आणि ती चांगली रीत आहे. पण कलम ५ निधीबरोबर 'इतर मालमत्ता' असे म्हणते. चौकातल्या प्रचारसभेत चर्चचे नाव रंगवलेल्या खुर्च्या दिसल्या, तर सभा आवाराबाहेर होती हे सांगून सुटका होत नाही. वस्तू देण्याची एक वही ठेवावी, त्यात कारण लिहून घ्यावे, आणि निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत लग्न, दशक्रिया, दफन अशा घरगुती कारणाशिवाय काही देऊ नये. मंडळीची गाडी असेल तर तिलाही हेच लागू करावे.

उलट दिशेने येणारा पैसाही तितकाच सांभाळावा लागतो. उमेदवार इन्व्हर्टर देतो, पेव्हर ब्लॉक बसवून देतो, नाताळच्या जेवणाचा खर्च उचलतो. मतांच्या सौद्याशी जोडलेली देणगी लाचेच्या व्याख्येकडे सरकते, आणि लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३ मध्ये लाच हे पहिलेच भ्रष्ट आचरण आहे. म्हणून आमची रीत अशी आहे : निवडणूक जाहीर झाल्यावर कोणत्याही उमेदवाराकडून, त्याच्या जवळच्या नातलगाकडून किंवा पदाधिकाऱ्याकडून नेहमीच्या अर्पणाबाहेरची देणगी घ्यायची नाही, मंडळीचाच सभासद उमेदवार असेल तर त्याचा दशमांश किंवा मासिक वर्गणी पूर्वीइतकीच आणि पावतीवरच घ्यायची, आणि सणातल्या लिलावात बोलीला कमाल मर्यादा ठेवायची. त्या भोपळ्याचे अकरा हजार एक रुपये आम्ही धनादेशाने परत केले आणि परत केल्याचा ठराव वहीत घेतला. खुलाशात तो ठराव आणि धनादेशाची प्रत जोडल्यामुळे प्रकरण पुढे वाढले नाही. वर्षभर ज्यांनी आम्हाला नावे ठेवली तेच लोक नंतर बोलीची मर्यादा मोडू देत नाहीत.

संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेली असेल, तर विश्वस्तांवर आणखी एक जबाबदारी येते. न्यासाचा पैसा न्यासाच्या उद्देशाबाहेर गेला, तर तो न्यासभंग ठरू शकतो आणि कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित करण्याचा किंवा काढून टाकण्याचा अधिकार धर्मादाय आयुक्तांना आहे. लेखापरीक्षक 'इतर खर्च' या सदरात विचारतोच. परदेशी देणगी येणाऱ्या संस्थांनी तर दुप्पट जपावे. परदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली उमेदवार आणि राजकीय पक्ष यांना परदेशी निधी घेण्यास बंदी आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेला तो निधी दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे वळवताही येत नाही. अशा खात्यातला एक रुपयाही निवडणुकीच्या जवळपास फिरकू देऊ नये.

उमेदवार रविवारी येतो तेव्हा

तो येणारच. चर्चचे दार कोणालाही बंद नसते आणि बंद करूही नये. उपासनेला बसण्याचा त्याचा अधिकार आहे, आणि विरोधी उमेदवाराचाही तेवढाच आहे. प्रश्न असतो तो आमच्याकडच्या पाहुणचाराच्या सवयीचा : पाहुणा आला की शाल, नारळ, पुढची खुर्ची आणि "दोन शब्द".

एक वडील दारावर नेमावेत. उमेदवार गाडीतून उतरला की त्याने पुढे होऊन नमस्कार करावा आणि आधीच सांगावे, "साहेब, या, बसा. उपासनेत सामील व्हा. इथे सत्कार आणि भाषण आम्ही कोणाचेच करत नाही, कमिटीचा ठराव आहे. गमछा आणि बिल्ला तेवढा गाडीत ठेवा." ठराव हा शब्द फार उपयोगी पडतो, कारण मग पाळकांवर व्यक्तिगत राग राहत नाही. आमच्या अनुभवात दहांतले नऊ उमेदवार हे ऐकून शांतपणे बसतात. एखादा कार्यकर्ता मात्र उपासनेच्या शेवटी पुढे येतो : "पाळकसाहेब, दोनच मिन्टं बोलू द्या, मतं नाही मागत, नुसतं दर्शन." अशा वेळी पाळकांनी वाद घालू नये; आशीर्वचन म्हणून उपासना संपवावी आणि माईक बंद करावा. माईकची किल्ली, म्हणजे ॲम्प्लिफायरचा स्विच, कोणाच्या हातात असावा हे आधीच ठरलेले असावे.

मिरवणुकांचेही असेच. झावळ्यांच्या रविवारची फेरी, नाताळची गाणी म्हणत फिरणारी तरुण मंडळी, ईस्टरची पहाट, या सगळ्यांत पक्षाचे झेंडे, उमेदवाराच्या फोटोची टोपी, "सौजन्य" म्हणून छापलेले बॅनर येऊ देऊ नयेत. कलम ६ नेमके यासाठी आहे. शेजारच्या गावात हरिनाम सप्ताह चालतो तेव्हा काल्याच्या पंगतीवर कोणाचा बॅनर लागला हे आपण पाहतो आणि आपल्यालाही मोह होतो. पण तिथली व्यवस्थापक मंडळीही याच कायद्याखाली येते, त्यामुळे त्यांचे उदाहरण आपल्याला संरक्षण देत नाही. अंत्यविधीला उमेदवार आला तर त्याला खांदा देऊ द्यावा, फुले वाहू द्यावीत. शोकसभेत मात्र बोलणाऱ्यांची नावे कुटुंबाने आणि पाळकांनी मिळून आधी लिहून ठेवावीत.

उपदेश, प्रार्थना आणि व्हॉट्सॲप गट

वेदीवरून उच्चारलेल्या शब्दाला वजन असते, आणि कायद्यालाही ते माहीत आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम १२३(२) मध्ये गैरवाजवी प्रभावाची जी रूपे दिली आहेत, त्यांत एक असे : अमुक केले नाही तर दैवी अवकृपा होईल किंवा धर्माची शिक्षा होईल, असे मतदाराला वा उमेदवाराला भासवणे. "या पक्षाला मत देणारा देवापुढे जबाब देईल" हे वाक्य त्याचा नमुना आहे. मत दिले नाही म्हणून प्रभुभोजन, विवाह किंवा दफन नाकारण्याची धमकी हा त्याचा उग्र प्रकार. १९५९ मध्ये राम दयाल विरुद्ध संत लाल या पंजाबातील प्रकरणात नामधारी पंथाच्या सद्गुरूंनी अनुयायांना दिलेला मतदानाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने गैरवाजवी प्रभाव मानला. गुरूने स्वतःचे मत सांगणे आणि अनुयायाला निवडीचा मार्गच उरू न देणे यांतला फरक त्या निकालाने दाखवला. भारतीय न्याय संहितेतही कलम १७१ खाली असा प्रभाव गुन्हा आहे.

धर्माच्या नावाने मत मागणे हे कलम १२३(३) खाली वेगळे भ्रष्ट आचरण आहे. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंग प्रकरणात २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने चार विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की या कलमातील 'त्याचा धर्म' म्हणजे केवळ उमेदवाराचा धर्म असे समजू नये; मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही त्यात येते. आपल्या समाजाला हे जवळून लागते. "आपला माणूस उभा आहे, ख्रिस्ती म्हणून त्याला निवडून द्या" हे वाक्य उमेदवाराच्या संमतीने कोणीही म्हटले, तर त्याची निवड रद्द होऊ शकते. केरळमध्ये मूवाट्टुपुळा येथून २००४ मध्ये निवडून आलेल्या पी. सी. थॉमस यांची निवड, पोप आणि मदर तेरेसा यांच्यासोबतची छायाचित्रे प्रचारात वापरून कॅथॉलिक मतदारांना आवाहन केल्याच्या कारणावरून रद्द झाली आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. उमेदवाराशिवाय दुसरी कोणी व्यक्ती भ्रष्ट आचरणात दोषी आढळली, तर तिला सूचना देऊन, तिचे म्हणणे ऐकून, कलम ९९ खाली उच्च न्यायालय तिचेही नाव निकालात नोंदवू शकते आणि तिचा मतदानाचा हक्क सहा वर्षांपर्यंत जाऊ शकतो. पाळकांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

तर मग बोलावे काय? राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करण्याची आपली परंपरा प्रेषितांच्या काळापासून आहे, ती चालू ठेवावी. नाव न घेता, सर्व उमेदवारांसाठी, निवडणूक शांततेत व्हावी म्हणून. मतदार यादीत नाव आहे का ते पाहा, ओळखपत्र घेऊन जा, मतासाठी पैसे घेऊ नका, असे सांगावे. ते नागरिक म्हणून कर्तव्याचे शिक्षण आहे आणि प्रशासनही त्याचे स्वागत करते. दारू, हुंडा, जातिभेद, पाण्याची उधळपट्टी यांवर बोलणे हे उपदेशाचेच काम आहे, निवडणूक आहे म्हणून ते थांबवू नये. फक्त त्या वाक्याला पक्षाची शेपटी लागू नये. "टँकरचे पाणी विकणे पाप आहे" हा उपदेश झाला. "टँकरवाल्यांचा पक्ष पाडा" हा प्रचार झाला.

एक विषय मला मनापासून अवघड वाटतो. आपल्यातील बहुसंख्य कुटुंबे ज्या जातींतून आली, त्यांना धर्मांतरानंतर अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदात आज हिंदू, शीख आणि बौद्ध एवढेच आहेत. ही वेदना उपासनेतही बोलली जाते, आणि बोलली जाणे स्वाभाविक आहे. पण कायद्याची व्याख्या 'राजकीय स्वरूपाचा कोणताही प्रश्न' इतकी रुंद आहे, आणि मोर्चा, सह्यांची मोहीम, निधी हे शब्द तिच्यात आधीच बसलेले आहेत. माझा सल्ला असा की वेदीवरून न्यायाची प्रार्थना व्हावी. मोर्चा, निवेदन आणि वर्गणी यांसाठी समाजाची वेगळी नोंदणीकृत संस्था असावी, तिचे खाते वेगळे असावे आणि तिची बैठक नगरपालिकेच्या सभागृहात व्हावी. मागणी तितकीच ठामपणे मांडता येते, आणि मंडळी धोक्यात येत नाही.

व्हॉट्सॲप गटाबद्दल थोडक्यात. चर्चच्या नावाचा, पाळक ॲडमिन असलेला गट हा संस्थेचाच आवाज समजावा, कारण व्याख्येत 'अन्य कोणत्याही मार्गाने' हे शब्द आहेत. निवडणूक जाहीर झाली की फक्त ॲडमिनलाच संदेश टाकता येईल अशी सेटिंग करावी. उपासनेचे थेट प्रक्षेपण करणाऱ्या मुलाला, आवारात कोणी प्रचार करू लागल्यास प्रक्षेपण बंद करण्याची मुभा आधी द्यावी.

पाळक नागरिकही असतो

कायदा पाळकाचा मतदानाचा, मत बाळगण्याचा किंवा निवडणूक लढवण्याचा हक्क काढून घेत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९ मधले भाषणस्वातंत्र्य त्यालाही आहे. त्याने ते वापरताना झगा, लेटरहेड, पदाचे नाव, चर्चचे आवार आणि चर्चचा गट बाजूला ठेवावेत एवढेच. कॅथॉलिक धर्मगुरूंना चर्चचा स्वतःचा नियमही आहे : कॅनन २८५ आणि २८७ प्रमाणे त्यांनी शासनसत्तेची पदे घेऊ नयेत आणि राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये. इतर पंथांच्या मंडळ्यांनी आपापली घटना काढून वाचावी. कमिटीतला कोणी उभा राहणार असेल, तर अर्ज भरण्याआधी त्याने पदाचा राजीनामा द्यावा, तो ठरावाने मंजूर करावा, आणि तो विश्वस्त असेल तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा.

ठराव आणि नोटीस

निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता वर्षाच्या पहिल्या बैठकीत पुढील आशयाचा ठराव घ्यावा :

"असे ठरले की, धार्मिक संस्था (दुरुपयोगास प्रतिबंध) अधिनियम, १९८८ मधील तरतुदी लक्षात घेऊन मंडळीची जागा, निधी, वस्तू, वाहन, कार्यक्रम व समाजमाध्यमांवरील खाती कोणत्याही राजकीय पक्ष, पॅनेल किंवा उमेदवार यांच्यासाठी वापरू दिली जाणार नाहीत. उपासनेस येणाऱ्या कोणत्याही उमेदवाराचा सत्कार अथवा भाषण होणार नाही. याची अंमलबजावणी सचिव करतील व भंग होत असल्यास पोलीस ठाण्यास कळवतील."

शेवटचे वाक्य गाळू नये. कलम ९ प्रमाणे भंग झाल्याची किंवा होऊ घातल्याची माहिती पोलिसांना देणे व्यवस्थापकावर आणि कर्मचाऱ्यावर बंधनकारक आहे. ठरावाची प्रत फलकावर लावावी आणि एक प्रत पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी. दुसरीकडे उघड भंग दिसला, तर लोकसभा-विधानसभेच्या काळात निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर फोटो किंवा व्हिडिओसह तक्रार करता येते; ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी जावे. मंडळीतील जुनी भांडणे मिटवण्यासाठी मात्र हा मार्ग वापरू नये.

नोटीस आलीच, तर पाळकांनी एकट्याने उत्तर लिहू नये. कमिटीची तातडीची बैठक घ्यावी, काय घडले ते वेळेसह जसेच्या तसे लिहावे, चूक असेल तर ती मान्य करून दुरुस्त केल्याचा पुरावा जोडावा. वकील परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि उत्पन्नमर्यादेखालील अर्जदार यांना तिथे मोफत मदत मिळते. घाबरून गटावरचे संदेश, व्हिडिओ किंवा वहीची पाने काढून टाकू नयेत. आमच्या प्रकरणात त्याच व्हिडिओतून हे दिसले की पाळकांनी मते मागितली नव्हती. निकालानंतरही ते जपावे, कारण लोकसभा-विधानसभेच्या निवडीविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका करण्याची मुदत निवडणुकीपासून ४५ दिवसांची असते आणि ग्रामपंचायतीच्या निवडीला आव्हान देण्याची १५ दिवसांची. आमच्याकडे वस्तूंची वही, पावतीपुस्तक आणि त्या काळातल्या उपासनांचे व्हिडिओ एका पाकिटात घालून, वर निकालाची तारीख लिहून, व्हेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या पाळकांच्या खोलीच्या, कपाटात ठेवतात. किल्ली खजिनदाराकडे असते.